केतकी म्हणताना

माझं नाव दिगंबर शिंगारे. हे वाक्य लिहायला मला तीन सेकंद लागले. हेच वाक्य बारावीच्या तोंडी परीक्षेत बोलायला चार मिनिटं लागली होती, आणि तरी त्यातलं 'शिंगारे' राहूनच गेलं, कारण परीक्षक म्हणाले, "राहू दे बाळ, समजलं मला." त्यांना वाटलं असेल, पोरावर उपकार केले. मी घरी येऊन जेवलो नाही.

मी अडखळतो. लोक तोतरा म्हणतात, म्हणू देत. माझ्या बाबतीत अक्षर दहादा येतं असं नाही, ते येतच नाही. घसा बंद होतो, डोळे आपोआप मिटतात, मान डावीकडं ओढली जाते, आणि समोरचा माणूस आधी घड्याळाकडं, मग छताकडं बघायला लागतो. लिहिताना मात्र माझ्याइतका वाचाळ माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात मिळायचा नाही. चौतीस वर्षांचं तुंबलेलं आहे, तेव्हा जरा सोसून घ्या.

लहानपणी माझ्या वाटचं बोलायचं काम अक्काकडं होतं. अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. दुकानात मी 'प' म्हणून अडकलो की ती मागून म्हणायची, "पेन्सिल द्या हो त्याला." मास्तरांनी पाढे विचारले तरी वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. तिच्या मायेत खोट नव्हती. फक्त तिनं माझी इतकी वाक्यं पुरी केली की वाक्य शेवटाला नेताना कसं वाटतं, हे मला कळलंच नाही. जिथं अक्का नसायची तिथं मी शब्द बदलायचो. 'पाणी' म्हणता यायचं नाही, म्हणून 'तहान लागली' म्हणायचो. पाहुण्यांना ते फार गोड वाटायचं.

मला वकील व्हायचं होतं. हसू नका. अर्जसुद्धा आणला होता. पण कोर्टात उभा राहिलोय, न्यायाधीश छताकडं बघतायत, आणि माझा अशील घाम पुसतोय, हे चित्र मी इतक्या वेळा मनात बघितलं की अर्ज कपाटातच राहिला. मग मी माती निवडली. मिरजेच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी धरली. माती काही विचारत नाही, तिचा अहवाल लिहून द्यायचा असतो. लोक म्हणायचे, किती शांत मुलगा आहे. शांत कसला, मी घाबरट होतो.

दोन हजार अडतीसच्या दिवाळीत ती पट्टी बाजारात आली.

तिच्यामागचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अडखळणाऱ्या माणसाची जीभ अधू नसते. मेंदूत शब्द सुरू करायची खूण ज्या क्षणी मिळायला हवी, त्या क्षणी ती मिळत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या आवाजाबरोबर बोललं की ही खूण बाहेरून मिळते आणि शब्द सुटतो. म्हणून गणपतीच्या आरतीत मी जन्मात कधी अडखळलो नाही, सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणायचो. पट्टीनं हेच केलं. गळ्याला चिकटवायची, कातडीच्या रंगाची, बोटभर रुंद. तोंडातून आवाज निघण्याआधी गळ्याचे स्नायू सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतके आधी हलतात. त्यावरून पट्टी ओळखते की हा कुठला शब्द म्हणणार. मग तोच शब्द माझ्याच आवाजात कानातल्या बारीक मण्यात वाजवते आणि अगदी हलका विजेचा झटका देऊन स्नायूंना वाट दाखवते. झालं, मी माझ्याच सोबतीनं आरती म्हणायला लागलो.

पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक माणसाशी बोललो. टपाल द्यायला आलेल्या माणसाला मी मातीच्या सामूबद्दल, म्हणजे तिच्या आंबट-खारेपणाबद्दल, वीस मिनिटं माहिती दिली. बिचारा ऐकत उभा राहिला. घरी येऊन अक्काला म्हटलं, "अक्का, भूक लागलीय, काय केलंयस?" ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

एक बारीकशी खोड होती. आमच्या कँटीनमध्ये मी पोहे मागायचो आणि तात्या उप्पीट आणून ठेवायचे. रोज. मला वाटलं तात्यांचे कान गेले. म्हाताऱ्या माणसाला कशाला बोलायचं, म्हणून मी वर्षभर उप्पीट खाल्लं.

केतकी त्याच वर्षी आली. केतकी मोहिते, मिरजेजवळच्या आरग गावची. कृषी पदवी घेऊन तिनं स्वतःची नर्सरी काढलेली, द्राक्षाची आणि चिकूची कलमं. मातीच्या चार पिशव्या टेबलावर आपटून म्हणाली, "मागच्या वेळी तुमच्या साहेबांनी अहवालात चुना जास्त लिहिला. माझ्या मातीत चुना जास्त असता तर माझी रोपं पिवळी पडली असती. रोपं हिरवीगार आहेत. आता काय करायचं?"

मी म्हटलं, "पुन्हा तपासू. तुमच्यासमोर तपासतो."

तपासलं. तिचं बरोबर होतं. नंतर ती दर पंधरा दिवसांनी पिशव्या घेऊन यायला लागली. एका पिशवीत तर माती नव्हतीच, शेंगदाण्याचे लाडू होते. मी अहवालात लिहिलं, 'नमुना उत्तम, पुन्हा पाठवावा.' असं करत करत सहा महिन्यांनी आमचा साखरपुडा झाला. हे सगळं इतकं सरळ घडलं की मला रोज सकाळी उठून भीती वाटायची. तिला मी गळ्यावरच्या पट्टीबद्दल सांगितलं होतं की घशाचा जुना त्रास आहे, डॉक्टरांनी लावायला सांगितलीय. खोटं बोललो. खरं सांगितलं तर ती जाईल, एवढा एकच विचार डोक्यात होता. जी माणसं मला पट्टीशिवाय ओळखत होती, त्यांपैकी कुणीच, अगदी अक्कासुद्धा, माझं वाक्य संपेपर्यंत थांबलं नव्हतं.

लग्नाला पाच आठवडे राहिले होते. दुपारी तीनच्या सुमाराला ती प्रयोगशाळेत आली. हातात पिशवी नव्हती.

"अक्कांचा आईला फोन आला होता," ती म्हणाली. "लग्नात माझं नाव बदलायचं ठरलंय म्हणे. तांदळात सई लिहायचं. का, तर दिगूला बरं पडेल."

आमच्याकडं लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नाव लिहितो. हल्ली बहुतेक जण जुनंच लिहितात, पण बदलायची मुभा अजून आहे, आणि ती नवऱ्याला आहे. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "केतकी, शपथ, मला माहीत नव्हतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "बघ. आत्ता पण."

"काय आत्ता पण?"

"चौदा महिने झाले आपल्या ओळखीला. एकदा तरी मला नावानं हाक मारलीस?"

मला हसूच आलं. "रोज मारतो."

"रोज तू मला सरकार म्हणतोस. आधी गंमत वाटली. मग वाटलं, लाडानं म्हणत असेल. मग वाटलं, याला माझं नावच आवडत नसेल." तिचा आवाज बारीक झाला. "आणि नर्सरीचं मी तीनदा विचारलं. लग्नानंतर सोडायची का म्हणून. तिन्ही वेळा काय म्हणालास?"

"कशाला सोडायची, म्हणालो. तुझ्या हातानं उभी केलीस, तुझीच राहील म्हणालो."

"'बघू आपण' म्हणालास. तिन्ही वेळा."

आम्ही एकमेकांकडं असे बघत होतो की जणू दोघांपैकी एकाला वेड लागलंय आणि कुणाला ते ठरायचंय. तिनं फोन काढला आणि माझा जुना निरोप लावून माझ्या कानाशी धरला. मी स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कधी ऐकत नाही. लहानपणी एकदा चुलतभावानं माझं अडखळणं टेप करून सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं होतं, तेव्हापासून नाही. पण आता ऐकावं लागलं. तो निरोप मला चांगला आठवत होता. मी म्हणालो होतो, "केतकी, मी निघालो, पंचवीस मिनिटांत पोचतो." फोनमधून माझाच आवाज आला, अगदी मोकळा, हसरा: "सरकार, मी निघालो, अर्ध्या तासात येतो."

तिनं दुसरा लावला. तिसरा लावला. एकातही केतकी नव्हती.

मी पट्टी ओरबाडून काढली. कानातला मणी काढून टेबलावर टाकला. तिला सगळं सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि घसा बंद. डोळे मिटले, मान डावीकडं गेली. माझं आयुष्यभराचं सगळं एका झटक्यात परत आलं. तिला वाटलं मला झटका आला. तिनं पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली, पाठीवर हात फिरवायला लागली. शेवटी मी मातीच्या पाकिटावर लिहिलं: मी अडखळतो. लहानपणापासून. तुझ्याशी आजवर ही पट्टी बोलली. ती काय बोलली ते मलाही माहीत नव्हतं.

तिनं ते दोनदा वाचलं. स्टुलावर बसली. "मग मी चौदा महिने कुणाशी बोलत होते?" ती म्हणाली.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "रविवारी बाबा तुमच्याकडं फोन करून काय ते सांगतील. तोवर मला काही सांगू नकोस. त्या यंत्रातनं तर नकोच."

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला त्या कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या इंजिनियर शाल्मली मॅडम. वय असेल सव्वीस-सत्तावीस. मी सगळं कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि माझी पट्टी संगणकाला जोडली.

"माहितीपुस्तकाचं पान सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या. "तुम्ही सही केलीय. वाचलं नसेल. कुणीच वाचत नाही. स्नायू थोडे आखडले तर पट्टी त्यांना वाट दाखवू शकते, पण भीतीनं पुरते आवळले तर नाही. तेव्हा ती जवळचा सोपा शब्द, कधी तर अख्खं सोपं वाक्य शोधते आणि तोंडातून ते काढते. कानात मात्र तुमचाच मूळ शब्द वाजवते. आपण काय बोललो हे माणूस तोंडावरून कमी आणि कानावरून जास्त ठरवतो. चाचण्यांमध्ये ज्यांना खरा शब्द ऐकवला ते दचकून पुन्हा अडखळायला लागले. म्हणून ऐकवायचं बंद केलं."

मी लिहिलं: किती शब्द बदलले?

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "सुरुवातीला तुमची यादी एकशे चाळीस शब्दांची होती. आज दोन हजार आठशे आहे." त्या जरा घुटमळल्या. "खरं सांगू का, मला हे बोलायची कंपनीची परवानगी नाही. यातले बहुतेक शब्द तुम्ही म्हटले असते तर थोडे अडकून निघाले असते. पट्टीला तुम्ही अडखळणार की नाही ते कळत नाही. तिला नाडी कळते, घाम कळतो. म्हणजे भीती कळते. भीती दिसली की ती शब्द बदलते. शब्द बदलला की तो कधी म्हटलाच जात नाही. म्हटलाच नाही तर भीती जाणार कशी? ती शेजारच्या शब्दाला लागते."

पोह्यांचा शब्द यादीत एकशे बावन्नावा होता. तात्यांचे कान ठणठणीत होते. भीतीच्या क्रमानं यादी लावली तेव्हा सगळ्यात वर, दुसऱ्या नंबरला बरंच खाली सोडून, एकच शब्द होता. केतकी.

"आपल्याला जे नीट म्हणायचं असतं त्याचीच जास्त भीती वाटते," शाल्मली मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज पुन्हा कचेरीतला झाला. "नवीन नमुन्यात विशेषनामांसाठी सोय केलीय. कॉलरला लावायचं बटण. दाबलं की तुमच्या आवाजात नाव येतं. समोरच्याला फरक कळत नाही. घेऊन जा, आठवडाभर वापरून बघा."

मी बटण घेतलं. का नाही घेणार? गाडीत बसल्याबरोबर दाबलं. "केतकी," असं माझा आवाज म्हणाला. स्वच्छ, प्रेमळ. पुन्हा दाबलं. "केतकी." पाच-सहा वेळा दाबलं. माझं तोंड बंदच होतं. मला वाटलं होतं की ते नाव माझ्या आवाजात ऐकून बरं वाटेल. मला मत्सर वाटला. ते बटण तिला हाक मारत होतं आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. तोंड उघडून स्वतः म्हणून बघितलं, रिकाम्या गाडीत, काचा लावून. एवढंसं 'के' निघालं आणि पुढं कुलूप. रिकाम्या गाडीतसुद्धा मला लाज वाटली, याची जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर अक्काला पट्टी नसलेला गळा दिसला. मी अडखळत, हातवारे करत, काही लिहीत तिला सगळं सांगितलं. तासभर लागला. चार वेळा तिनं माझं वाक्य पुरं केलं आणि चारही वेळा चुकीचं केलं.

"मला वाटायचं तू आपणहून टाळतोस तिचं नाव," ती म्हणाली. "पाण्याला तहान म्हणायचास तसं. म्हटलं, पोरगा लग्नात सगळ्यांसमोर अडकेल, त्यापेक्षा नावच सोपं करून टाकू. मी तुझं भलंच बघत आले रे, दिगू."

मला राग आला होता. खूप. पण तिच्याकडं बघितलं आणि दिसलं की ती माझ्यासाठी माझ्याहून जास्त घाबरत आलीय, आणि कुणी तिला थांबवलंच नाही. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "ठ… ठाऊक आहे." हे दोन शब्द बाहेर पडायला वेळ लागला. ती मध्ये बोलली नाही. पहिल्यांदाच.

रविवारी फोन यायच्या आधीच मी निघालो. पट्टी आणि बटण फ्रिजवर ठेवलं. अक्का म्हणाली, "गाडी मी चालवते. मी तोंड उघडणार नाही."

सकाळचे दहा वाजले होते. नर्सरीत हिरव्या जाळीखाली आठ बायका खाली बसून कलमं बांधत होत्या, खुंटाला खाच द्यायची, काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची. केतकी त्यांच्यातच बसली होती, हातात सुरी. मला बघून उठली नाही. तिचे वडील पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. धोतर, टोपी, खिशात चष्मा.

"या पाव्हणं," ते म्हणाले. आवाजात आदर होता, आनंद नव्हता. "मी आता फोनच करणार हुतो. पोरीचं मन हाय की हे लगीन…"

मी हात वर केला. मला आधी बोलायचं होतं. ते थांबले.

ठरवून गेलो होतो की दोनच गोष्टी सांगायच्या. नर्सरी सोडायची नाही. नाव बदलायचं नाही. वाटेत मनात घोकत आलो होतो. तोंड उघडलं आणि 'न' वर घसा बंद झाला. डोळे मिटले. अंधारात मला जाळीवर वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता, आणि बायकांचे हात थांबल्याची शांतता. किती वेळ गेला माहीत नाही. "न… नर्सरी," मी म्हणालो. "सोडायची नाही."

डोळे उघडले तर मोहिते काका माझ्याकडंच बघत होते. छताकडं बघायला तिथं छत नव्हतं हे खरं, पण आभाळ होतं, त्यांनी आभाळाकडंही बघितलं नाही. त्यांनी एक लोखंडी खुर्ची ओढली, माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः त्यावर बसले. "सावकाश हू द्या," ते म्हणाले. "आमाला कसली घाई न्हाई."

"नाव," मी म्हणालो. ते तसं लवकर निघालं. "ब… बदलायचं नाही. तांदळात जुनंच लि… लिहायचं."

"कोण लिवणार?"

"मी."

"आन् लिवलं की सगळ्यांसमोर वाचून दाखवाय लागतंय. आमच्यात तशी रीत हाय." ते काही माझी परीक्षा घेत नव्हते, त्यांना खरंच काळजी होती. "वाचाल?"

मी मान हलवली. मग मला वाटलं, मान हलवून भागणार नाही. मी केतकीकडं वळलो.

पहिल्यांदा 'क' आला आणि तिथंच विरला. माझी मान खांद्याला टेकली. मला माहीत होतं आपण कसे दिसतो. श्वास संपला आणि मी थांबलो. हरलो. माझ्या मागं अक्काच्या बांगड्या वाजल्या. तिनं श्वास आत घेतलेला मला ऐकू आला, मला तो श्वास लहानपणापासून पाठ आहे, त्यानंतर माझा शब्द तिच्या तोंडातून येतो. मी न वळता तिच्याकडं हात केला. शब्द आला नाही.

दुसऱ्यांदा 'के' पर्यंत गेलो. "के… के…" आणि पुन्हा बंद. डोळ्यांतून पाणी आलं, जोर लावल्यानं की कशानं कोण जाणे. एक तरुण बाई तोंडावर हात ठेवून हसली आणि शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. पुन्हा हरलो. आणि खरं सांगतो, मी आजूबाजूला बघितलं. रोपं जागेवर होती. मोहिते काका खुर्चीत होते. हसणारी बाई हसून झाली होती आणि आता वाट बघत होती. ज्या गोष्टीला घाबरून मी वकिली सोडली, माझं बोलणं एका पट्टीच्या स्वाधीन केलं, ती गोष्ट एकाच सकाळी दोनदा घडून गेली होती, आणि मी अजून माझ्या पायांवर उभा होतो. मला बरं वाटायला लागलं. म्हटलं, तिसऱ्यांदाही हरू. चौथ्यांदाही. रविवार आहे.

केतकीनं सुरी खाली ठेवली होती. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे, समजलं मला. पण तिनं मांडीवरची माती झटकली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान जराशी पुढं केली, दूरचं काही ऐकताना करतात तशी.

"के," मी म्हणालो, आणि अडकलो, आणि या वेळी मागं फिरलो नाही, तिथंच थांबून राहिलो. दुसरा शब्द शोधला नाही. तिच्याकडंच बघत राहिलो, डोळे उघडे ठेवून. घसा आपला आवळून बसला होता. बसू दे म्हटलं. "के… के… केत…" मग कुठंतरी काहीतरी सैल झालं. "…की."

वेडंवाकडं, मधेच तुटलेलं, शेवटी नुसत्या श्वासाचं निघालं. पण ते माझ्या तोंडातून निघालं आणि माझ्या कानांनी तेच ऐकलं.

तिचे डोळे भरून आले होते. तिनं मातीच्या हातानं ते पुसले, त्यामुळं गालावर माती लागली. आणि मग, आतल्या खोलीतून कुणीतरी बोलावल्यावर म्हणतात तसं, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली,

"ओ."